वठलेल्या अंजनाचं माप

आबा गेल्याचं कळलं तेव्हा माझी गाडी क्रांती चौकाच्या सिग्नलला अडकलेली होती. पुढे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा आणि काचेबाहेर तो नेहमीचा निळसर धूर. अर्धं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईला अशा वेळी उगाच वाटत राहतं, हा एवढा धूर जातो कुठे, आणि कुठलं बिचारं झाड तो पोटात घेतं... फोन वाजला म्हणून पाहिलं. ‘मॅडम, आबा काल गेले. दहावा पुढच्या मंगळवारी हाय. सुमन.’ सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवून थकले, एक रिक्षावाला खिडकीशी येऊन ‘क्या मॅडम, घर समझ के बैठ गए क्या’ म्हणून गेला, तरी माझा पाय काही हलेना. त्या निरोपाच्या बरोबर वर, त्याच नंबरवरून तीन आठवड्यांपूर्वी आलेला एक कॉल दिसत होता. मी न उचललेला. तो नंबर आबांच्या मुलीचा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मी मुद्दामच उचलला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लिहिताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह मला होणार आहे.

खंडू आबा धनगर. वैजापूरच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. सहा फुटांच्या वर उंची, पाठ अशी ताठ की बसले तरी उभे असल्यासारखे वाटायचे. कधीकाळी त्यांच्याकडे मोठा कळप होता. मग चराईची रानं बंद होत गेली, मेंढ्या विकल्या गेल्या, आणि आबा मिळेल त्या कामावर जाऊ लागले. मी त्यांच्याकडे पोचले ती वाटाड्या शोधत. मला डोंगरातल्या झाडांची मापं घ्यायची होती. मी मूळची करमाडची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या शिवाराच्या आजूबाजूला एकेक करून कारखाने उभे राहिले, आमचीही जमीन त्यात गेली, आणि ज्या बांधावर बसून मी दहावीचा अभ्यास केला तिथून आता ट्रक मागे घेतात. कोणाविषयी तक्रार नाही; त्याच कारखान्यांत माझे दोन चुलतभाऊ नोकरीला आहेत. पण धूर सोडणारी बाजू लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे धूर गिळणारी बाजूही एकदा मोजून पाहावी, असं मला फार वाटायचं. आमच्याकडचं रान म्हणजे काही सह्याद्रीतली हिरवी गर्दी नव्हे. धावडा, सालई, पळस, टेंभुर्णी, मध्येच एखादं अंजन. उन्हाळ्यात पान म्हणून राहत नाही. असं रान हवेतला कार्बन धरतं तरी किती, हा माझा प्रश्न होता.

त्याची रीत साधी आहे. रानाचे काही तुकडे आखायचे, त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, आणि दरवर्षी ठराविक दिवसांत, आम्ही संक्रांतीच्या सुमारास, जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर, बुंध्याचा घेर मोजायचा. घेरावरून झाडाचं वजन काढता येतं, आणि वाळक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. तेव्हा घेर किती वाढला हे कळलं की झाडानं हवेतून किती उचललं याचा अंदाज येतो. यात एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे साडेचार फूट. झाड खाली जाड आणि वर बारीक. आमच्याकडे कोरड्या रानात झाड वर्षाला सूतभर वाढतं. टेप दोन बोटं खाली धरला तर वाढ नसताना वाढ दिसायची. हे मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा बजावलेलं आहे की ते माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात.

पहिल्या वर्षी आम्ही साडेचार फुटांची काठी नेली होती. तिसऱ्याच दिवशी ती दगडांच्या सांदीत अडकून मोडली. मी चिडून सगळ्यांना फैलावर घेतलं, आता परत शहरात जा, काठी आणा... आबा शांतपणे एका धावड्याला छाती लावून उभे राहिले. बंडीची एक गुंडी काढून त्यांनी छातीवरचा जुना वण दाखवला. तरुणपणी एडक्यानं शिंग मारलं होतं, त्याचा. ‘काठी कशाला, बाई? ह्या वणाला टेप लावायचा. मानूस त्योच, वण त्योच.’ मी मोडक्या काठीचे तुकडे जोडून माप घेतलं. वण बरोबर साडेचार फुटांवर. माझा विश्वास बसेना. पुढे आठवड्याभरानं आबा तहसिलीच्या कुठल्याशा कागदासाठी शहरात आले, तेव्हा मी त्यांना घरी बोलावलं, माझ्या अभ्यासाच्या खोलीच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पोलादी टेपनं पुन्हा मोजलं. साडेचार फूट. मी चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली. आबा मागे वळून त्या रेघेकडे बघत हसले. ‘मेंढराला डाग देत्यात तसं केलं की वं बाई तुमी.’ त्या दिवसापासून काठीची गरज संपली. आबा झाडाला छाती लावून उभे राहायचे, अंगठा वणावर ठेवायचे, टेप त्या पातळीत बुंध्याभोवती फिरवायचे आणि मोठ्यानं आकडा वाचायचे. अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे त्यांना येत. मी लिहायची. चौदा वर्षं हेच चाललं. विद्यार्थ्यांना तीनतीनदा वजनं करायला लावणारी मी, ती रेघ मात्र पुन्हा एकदाही तपासली नाही.

कोणी म्हणेल, झाडावरच रंगाचा पट्टा का नाही ओढला? सगळीकडे तसंच करतात. मीही डबा घेऊनच गेले होते. आबांनी तो उघडू दिला नाही. ‘रंग लावलेलं झाड मंजे तोडीला काढलेलं झाड. लोक आसंच समजत्यात. तुमी पट्टा मारून जाताल, आन पुढच्या साली बुडखं मोजाया याल.’ हे पटण्यासारखं होतं. म्हणून झाडाच्या मुळाशी, गवतात झाकली जाईल अशी पत्र्याची नंबरपट्टी, आणि उंचीला आबांची छाती, असा आमचा करार झाला.

दुसरा हट्ट त्यांनी वठलेल्या अंजनासाठी केला. तिसऱ्या तुकड्यात, नाल्याच्या काठाला, एक अंजन उभं होतं. आम्ही पोचलो त्याच्या कितीतरी आधी ते वठलं होतं. साल गळालेली, फांद्या झडलेल्या, राखाडी बुंधा तेवढा शिल्लक. मी त्याला नंबर देत नव्हते. मेलेलं झाड कार्बन धरत नाही, मग मोजायचं कशाला? आबा तिथून हलेनात. ‘आवं, घरातलं मानूस गेलं म्हनून त्याचं नाव खोडता व्हय तुमी? हुबं हाय न्हवं अजून?’ मी वाद घालायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, शास्त्रही तेच सांगतं. वठलेलं झाड नवीन काही उचलत नसलं तरी आधी उचललेलं धरून उभं असतं. ते कुजेल किंवा वणव्यात जळेल तेव्हाच तो कार्बन पुन्हा हवेत जातो. मी मुकाट्यानं नंबर ठोकला. आबांना एवढा आनंद झाला की दरवर्षी त्या अंजनाचं माप ते सगळ्यांत शेवटी, सावकाश घ्यायचे आणि झाल्यावर बुंध्यावर थाप मारायचे.

संध्याकाळी वस्तीवर परतलो की घोंगडीवर बसून गुळाचा चहा, आणि आबांचे प्रश्न. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं मला इतके नेमके प्रश्न विचारलेले नाहीत. ‘मंजे तुमच्या गावचा धूर आमच्या रानानं गिळायचा?’ मी म्हटलं, हो, तसंच. ‘मग रानाला इचारलंय का कुनी, पचतंय का त्याला?’ एकदा त्यांनी विचारलं, माणसात किती असतो हा कार्बन. मी सांगितलं, पाणी सोडून जे उरतं त्यात निम्म्याच्या आसपास असेल. ते बराच वेळ चिलीम न पेटवता हातात धरून बसले. ‘मंजे मानूस जाळला की त्यो बी धूरच. आन त्यो बी ह्यांनाच गिळायचा.’ डोंगराकडे हात करून ते हे म्हणाले, आणि मग मलाच चिडवायला लागले. ‘तुमच्यासारख्या रागीट बाईचा धूर लई कडू लागंल झाडास्नी.’ सुमन, त्यांची थोरली मुलगी, चुलीपाशी तोंडावर पदर धरून हसत होती. माझ्यावर असं हसायची हिंमत आमच्या विभागात कोणाला नव्हती, आणि तिथे मला त्याचा राग येत नसे.

मी माझ्या रागाबद्दल सांगायला हवं, कारण तोच या गोष्टीत आडवा आला. मला चूक सहन होत नाही. दुसऱ्याची, हे वेगळं सांगायला नको. आणि त्यात माझे आकडे चांगले येत होते. पहिली काही वर्षं वाढ जेमतेम होती. नंतर दरवर्षी थोडी थोडी जास्त दिसायला लागली. आपलं कोरडं, दुर्लक्षित रान वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कार्बन धरतंय, असं मी ठिकठिकाणच्या व्याख्यानांत सांगू लागले. लोकांना हे ऐकायला आवडायचं. मलाही सांगायला आवडायचं. करमाडच्या धुराची कुठेतरी भरपाई होतेय, असं वाटायचं. एका वर्षी मी हे आबांनाही अभिमानानं सांगितलं. ते खुश होतील अशी माझी अपेक्षा. ते डोंगराकडे बघत राहिले. ‘मला तर रान इरळ दिसतंय, बाई. सालया किती गेल्या बघा. तुमचा टेप काय म्हनतो?’ मी म्हटलं, ‘टेप म्हणतो, रान वाढतंय.’ ते मान हलवून म्हणाले, ‘टेप म्हनतो तर आसंल.’ आयुष्यभर ज्यानं ते रान पायांखाली घातलं त्या माणसापेक्षा मी टेपवर जास्त विश्वास ठेवला. तोही त्यानंच धरलेल्या टेपवर.

आज आठवतं, त्याच सुमारास एक गोष्ट बदलली होती. सुरुवातीला आबांशी बोलताना मला मान वर करावी लागायची. मी जेमतेम पाच फूट. शेवटच्या वर्षांत तेवढी करावी लागत नव्हती. हे मला जाणवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, इतक्या वर्षांची ओळख, आता माणूस जवळचा वाटतो, म्हणून असेल. चढावर ते कमरेला हात लावून थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, ‘थंडीनं आखडलंय.’ आणि मी ‘बरं’ म्हणून पुढच्या झाडाचा नंबर शोधायला लागायची.

गेल्या वर्षीच्या मोजणीनंतर एका तरुण संशोधक मुलीनं माझ्याकडे सगळी आकडेवारी मागितली. निरनिराळ्या ठिकाणच्या कोरड्या रानांची माहिती ती एकत्र करत होती. मी मोठ्या तोऱ्यात नोंदवह्या पाठवल्या. चार दिवसांनी तिचा अतिशय नम्र फोन आला. ‘मॅडम, तिसऱ्या तुकड्यातलं ते अंजन मृत आहे असं लिहिलंय. मग त्याचा घेर दरवर्षी वाढतोय कसा?’ मी नोंदवही उघडली. खरंच वाढत होता. पहिली पाच वर्षं तोच आकडा, आणि नंतर दरवर्षी थोडा थोडा जास्त. वठलेलं झाड जाड होत होतं! मला दरदरून घाम फुटला. आणि दुसऱ्याच मिनिटाला, माझ्या स्वभावाप्रमाणे, त्या घामाचा राग झाला. याचा एकच अर्थ मला दिसला. आबा आता थकले, प्रत्येक झाडाला टेप लावत नाहीत. मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडं मिळवून अंदाजानं सांगून मोकळे होतात. मी वहीत मान घालून लिहीत असते, मला काय कळतंय.

मी त्यांना बोलावून घेतलं. आबा एसटीनं आले, धावड्याचा डिंक फडक्यात बांधून. माझ्यासाठी दरवर्षी आणायचे. मी पाणी विचारलं नाही. वही त्यांच्यापुढे टाकून म्हणाले, ‘आबा, मेलेलं झाड वाढतं का हो?’ ते गोंधळले. ‘नाय, बाई. कसं वाढंल?’ ‘मग हे काय आहे? किती वर्षं अंदाजानं आकडे सांगताय मला?’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘मेलेलं झाड वाढलं आसं मी कवा म्हनलो? टेप म्हनला.’ मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. आबांनी फडकं टेबलावर ठेवलं, उठले, आणि दारात जाऊन चौकटीला धरून क्षणभर उभे राहिले. कंबर धरली असावी. पेन्सिलीची रेघ त्यांच्या शेजारीच होती. मी नुसती मान वर करून पाहिलं असतं तरी सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला असता, कारण ती रेघ तेव्हा त्यांच्या छातीला नव्हे, गळ्याला लागत होती. पण मी रागानं वहीची पानं उलटत होते. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. संध्याकाळी मी त्या संशोधक मुलीला लिहून टाकलं, ‘माप घेणारा माणूस विश्वासाचा निघाला नाही. हे आकडे वापरू नयेत.’

यंदा संक्रांत आली आणि गेली. मी मोजणीला गेले नाही. आबांनाही निरोप धाडला नाही. आणि मग तो कॉल आला, जो मी उचलला नाही.

दहाव्याला गेले. वस्तीवर बरीच माणसं होती. मी एका कडेला बसले. सगळं उरकल्यावर सुमन माझ्याजवळ येऊन टेकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जड गेलं. तिनं सांगितलं, आबांचे मणके झिजले होते, दोन तर पार दबले होते. ‘डाक्टर म्हनले, चार-पाच इंच उतरलेत आबा. लई वर्सांपासून चाललं आसंल म्हनले. आमाला कुठं कळलं? धोतर पायात यायला लागलं तवा मी वर खोचून द्यायची, तेवढंच.’ मग तिनं तो कॉल कशासाठी होता ते सांगितलं. शेवटी शेवटी नवी बंडी शिवायला म्हणून ती त्यांना वैजापूरला नेहमीच्या शिंप्याकडे घेऊन गेली होती. जुनं माप बघून शिंपी म्हणाला, आबा, तुम्हाला आता कापड कमी लागतंय. ‘आबा तितंच हसाया लागले. म्हनले, सुमे, बाईला फोन लाव. आत्ताच्या आत्ता. म्हनावं, झाड नाय वाढलं, मीच खाली आलो.’

जे मला वह्या, सूत्रं आणि शिकल्यासवरल्याचा एवढा बडेजाव असून दिसलं नाही, ते त्यांनी शिंप्याच्या दुकानात उभ्या उभ्या ओळखलं होतं. ते सगळ्यांत आधी मला सांगायचं होतं त्यांना. स्वतःचा खरेपणा सिद्ध करायला नव्हे. सुमन म्हणाली, बाईंचं काम बिघडलंय, ते नीट होईल, एवढंच म्हणत होते. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली, मग विचारायचं सोडलं. मी सुमनचा हात धरला आणि सगळ्या माणसांदेखत रडले. मला लोकांसमोर रडायची सवय नाही. तिनंच मला पाणी आणून दिलं.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी आम्ही दोघी रानात गेलो. या वेळी मी काठी नेली होती, साडेचार फुटांची, वरच्या टोकाला खिळा मारलेली. नाल्याकाठी अंजन तसंच उभं होतं. अंजनाचं लाकूड लोखंडासारखं. वर्षानुवर्षं त्याला काही होत नाही. खिळ्याच्या उंचीवर टेप फिरवला. पहिल्या वर्षीचा आकडा. सुताचाही फरक नाही. मग वहीतला शेवटच्या वर्षीचा आकडा बघितला आणि टेप बोटाबोटानं खाली सरकवत नेला. तो आकडा जिथे जुळला तिथे खडूनं खूण केली आणि खिळ्यापासून मोजलं. पाच इंच. मी मध्येच थांबले नाही. एकेक वर्षाचा आकडा घेऊन त्याची जागा शोधत गेले. चौदा वर्षांत आबांनी एकही आकडा अंदाजानं सांगितला नव्हता. प्रत्येक वर्षी त्यांनी अंगठा वणावर ठेवला होता आणि टेपवर दिसलं तेच वाचलं होतं. पहिली पाच वर्षं एकाच जागी, आणि मग एकाखाली एक खुणा. सहाव्या वर्षाच्या खुणेवर सुमननं बोट ठेवलं. ‘हे कुठलं साल, मॅडम?’ मी सांगितलं. ‘त्या साली आबा बांदाच्या ताली टाकताना पडले व्हते. कुनाला सांगू नको म्हनले. पंधरा दिसांनी तुमची मोजनी व्हती.’ मग ती शेवटच्या खुणेपाशी वाकली आणि तळहातानं तो खडू हळूच झाकून उभी राहिली. ‘आबा हितं व्हते मंग,’ म्हणाली.

त्या मेलेल्या झाडाला नंबर द्या म्हणून आबा अडून बसले नसते तर हे कधीच कळलं नसतं. इतर झाडं जिवंत. त्यांची खरी वाढ किती आणि आबांचं वाकणं किती, हे वेगळं काढायला काही साधनच नव्हतं. अंजनानं प्रत्येक वर्षीची उंची जपून ठेवल्यामुळे आता सगळे आकडे दुरुस्त करता येतात. मी ते केले, महिनाभर बसून. रान वाढलं आहे, पण मी सांगत सुटले होते तेवढं नाही, आणि दोन तुकड्यांत तर जवळजवळ नाहीच. आबांना ते विरळ दिसत होतं, ते बरोबर होतं. रानानं गिळलेला म्हणून जो धूर मी व्यासपीठावरून मोजून दाखवत होते, त्यातला बराचसा एका म्हाताऱ्या माणसाच्या दबलेल्या मणक्यांत होता. त्या संशोधक मुलीला मी दुरुस्त आकडे पाठवले आणि सोबत लिहिलं, ‘माप घेणारा माणूस पूर्ण विश्वासाचा होता. तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.’ तिनं विचारलं, लेखात मापं घेणाऱ्याचं नाव द्यायचं का, आणि कसं. ‘खंडू आबा धनगर’ एवढंच मला माहीत होतं; वडलांच्या नावासकट पूर्ण नाव मी कधी विचारलंच नव्हतं. सुमनला फोन करून विचारून घेतलं.

आमच्या घराला या दिवाळीआधी रंग दिला. अभ्यासाच्या खोलीची चौकट मी घासू दिली नाही. रंगारी कुरकुरला, एवढी एक चौकट जुनाट दिसेल म्हणाला. दिसू दे. त्या जुन्या रेघेखाली मी अंजनावरून आणलेली मापं घेऊन पेन्सिलीनं बाकीच्या रेघा मारल्या आहेत, एकीखाली एक. सगळ्यांत वरची रेघ पूर्वीपासूनच माझ्या हनुवटीच्या आसपास कुठेतरी येते, तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. शेवटची रेघ बरोबर माझ्या खांद्याला लागते. सकाळी चहाचा कप घेऊन खोलीत शिरताना मी जरा अंग चोरून आत जाते, खांद्यानं ती पुसली जाऊ नये म्हणून.